प्रकरण अभ्यास: निवासी शाळेतली नववी आणि सहामाहीचे 37 गुण

पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग भागातलं मराठी घर. आई बँकेत, बाबांचा दवा बाजारात औषधांचा घाऊक व्यापार, घरात आजी आणि गणित शिकवून निवृत्त झालेले आजोबा. मुलगी आठवीपर्यंत इंदूरच्याच एका सीबीएसई शाळेत होती आणि तिला 85 टक्क्यांच्या आसपास गुण मिळत. नववीला तिला रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या जुन्या सहशिक्षण निवासी शाळेत घातलं. ओळख पटू नये म्हणून शाळेचं नाव-गाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या घरांना निवासी शाळेचं अप्रूप नाही. इंदूरचं डेली कॉलेज 1882 चं, ग्वाल्हेरची सिंधिया स्कूल 1897 ची. दोन्ही शाळा सुरुवातीला संस्थानिक आणि सरदारांच्या मुलांसाठी होत्या. ग्वाल्हेरला मुलींसाठी सिंधिया कन्या विद्यालय निघालं ते 1956 साली. हिमाचल प्रदेशातल्या सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये 1847 पासूनच मुलगे आणि मुली दोन्ही होते, पण तो अपवाद. या धर्तीच्या बहुतेक जुन्या शाळा मुलग्यांसाठी उभ्या राहिल्या आणि मुली बऱ्याच उशिरा आल्या. या प्रकरणातली शाळा वरच्यांपैकी कुठलीही नाही, पण तिची घडण तशीच. मुलग्यांची पाच हाऊस, म्हणजे एकत्र राहणारे आणि स्पर्धांत एकत्र उतरणारे गट, आहेत, प्रत्येकात सत्तरच्या आसपास मुलगे. मुलींची दोनच हाऊस, प्रत्येकात पंचेचाळीसच्या आसपास मुली. प्रवेशाच्या वेळी हा आकडा कुणी विचारला नव्हता.

दिवसाचा क्रम असा: 5:30 ला घंटा, 6:00 ला पीटी, 7:15 ला नाश्ता, 8:00 ला असेंब्ली, मग दुपारी 1:40 पर्यंत वर्ग. जेवण, विश्रांती, 4:00 ते 5:45 खेळ. संध्याकाळी 6:45 ते 8:00 पहिला प्रेप, जेवण, 9:00 ते 10:00 दुसरा प्रेप, 10:15 ला दिवे बंद. प्रेप म्हणजे हाऊसमध्ये शांत बसून स्वतःचा स्वतः करायचा अभ्यास. देखरेखीला शिक्षक असतात, ते शिकवत नाहीत. मोबाईल नाही. घरी बोलायचं ते रविवारी, हाऊसच्या फोनवर, दहा मिनिटं.

अडचण

एप्रिलमध्ये मुलगी रुजू झाली. जुलैच्या चाचणीत गणितात 20 पैकी 9 मिळाले. घरी आणि शाळेत दोन्हीकडे एकच निष्कर्ष निघाला, की नवीन आहे, रुळेल. सप्टेंबरच्या सहामाहीत गणितात 80 पैकी 37 आणि विज्ञानात 41 आले. इंग्रजी आणि सामाजिक शास्त्र ठीक होतं.

त्याच सुमारास घरी गौरी-गणपती झाले. मुलीला सुट्टी मिळाली नाही, कारण सत्र चालू असताना सणासाठी घरी सोडायचं नाही असा शाळेचा नियम आहे. त्या रविवारच्या फोनवर ती फक्त रडली. पुढच्या रविवारी तिने सांगितलं की मला इंदूरला घेऊन जा. निकाल हातात आणि वर हे बोलणं, त्यामुळे घरात दोन तट पडले. आई आणि आजी म्हणत की आत्ताच आणू. बाबा म्हणत की वर्ष पुरं करू दे, दहावीला बेसिक, म्हणजे सोप्या पातळीचं, गणित घेईल. आजोबांना हे दोन्ही पटत नव्हतं. त्यांचा प्रश्न साधा होता: जी मुलगी मे महिन्यात बहुपदीची उदाहरणं माझ्यासमोर सोडवत होती, तिला सप्टेंबरमध्ये ती का येऊ नयेत?

घाईचं आणखी एक कारण होतं. सीबीएसईच्या शाळांत नववीतच विद्यार्थ्याची मंडळाकडे नोंदणी होते. दहावीत थेट प्रवेश पालकांची बदली किंवा तशा ठरावीक कारणांसाठी, मंडळाच्या परवानगीनेच मिळतो. म्हणजे शाळा बदलायची तर नोंदणीपूर्वी, नाहीतर पुढची दोन वर्षं तिथेच, असा हिशेब समोर होता. नोंदणी ऑक्टोबरमध्ये व्हायची होती. निर्णयाला जेमतेम तीन आठवडे होते.

आधी उत्तरपत्रिका

पालक ऑक्टोबरमध्ये फाउंडर्स डेसाठी, म्हणजे शाळेच्या स्थापना दिनासाठी, गेले, तेव्हा शिक्षक-पालक भेट त्याला जोडूनच होती. गुणपत्रकावर बोलण्याऐवजी त्यांनी गणिताची उत्तरपत्रिका मागितली आणि शिक्षकांसोबत पान न पान पाहिलं. या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची चाळीस मिनिटं ही.

प्रश्नपत्रिका दहावीच्या धर्तीवर होती: एक गुणाचे 20, दोन गुणांचे 5, तीन गुणांचे 6, पाच गुणांचे 4 आणि परिच्छेदावर आधारित चार गुणांचे 3 प्रश्न. गेलेल्या 43 गुणांची फोड अशी निघाली. 17 गुणांना हातच लावलेला नव्हता: शेवटचे तिन्ही चार गुणांचे प्रश्न आणि पाच गुणांचा एक. 12 गुण पायऱ्या गाळल्यामुळे गेले. 9 गुण बहुपदी या एकाच प्रकरणाचे, तिथे खरोखरच काही येत नव्हतं. उरलेले 5 चिन्हांच्या आणि बेरजेच्या चुकांचे.

पायऱ्यांचा मामला जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या सिद्धतेत मुलीने दोन बाजू समान आहेत हे लिहिलं आणि पुढच्याच ओळीत राहिलेले कोन समान म्हणून टाकले. मधली ओळ, म्हणजे कोणत्या कसोटीने त्रिकोण एकरूप ठरले, गायब. तीन गुणांपैकी एक मिळाला. छेदाचं परिमेयीकरण करताना ती उत्तर बरोबर काढते, पण अंश-छेदाला कशाने गुणलं हे लिहीत नाही. घरी आजोबा शेजारी बसत, मधली पायरी तोंडी सांगितली की चालत असे. परीक्षकाला तोंडी काही ऐकू येत नाही. सीबीएसईत गुण पायरीनिशी मिळतात, तेव्हा ही सवय नववीत मोडली नाही तर दहावीत महागात पडते.

बहुपदीचा उलगडा हजेरीपत्रकातून झाला. जुलैच्या अखेरीस मुलगी सहा दिवस तापाने इन्फर्मरीत, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, होती आणि त्यानंतर चार दिवस बास्केटबॉलच्या संघासोबत बाहेरगावी. बहुपदीतले शेषसिद्धांत आणि अवयवसिद्धांत वर्गात झाले ते नेमके याच दहा दिवसांत. मे महिन्यात आजोबांनी करून घेतलं होतं ते साधे अवयव पाडणं. बुडलेल्या तासांचं काय झालं हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही. परीक्षेला बसण्यासाठी लागते ती 75 टक्के हजेरी सुरक्षित होती, म्हणून कुठे लाल खूण उमटली नाही.

मग वेळापत्रक

विज्ञानाचं आणि न सोडवलेल्या 17 गुणांचं कोडं उत्तरपत्रिकेतून सुटेना. शाळेच्या समुपदेशक बाईंनी मुलीला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी आखलेला कागद दिला आणि सात दिवस जे प्रत्यक्ष घडलं ते भरायला सांगितलं. कागदावरचा प्रेप आठवड्याचे सहा दिवस, रोज 135 मिनिटं, म्हणजे साडेतेरा तास. मुलीच्या कागदात मात्र सोमवार, बुधवार, शुक्रवार पहिला प्रेप समूहगानाच्या तालमीत गेला होता. मंगळवार, गुरुवार एकांकिकेच्या. दुसऱ्या प्रेपची पहिली पंधरा मिनिटं हजेरी, दूध आणि जागेवर बसण्यात जात होती. हाती उरलं आठवड्याला पावणेसहा तास, पाच विषयांना मिळून. आठवड्यातल्या तीन दुपारी विश्रांतीऐवजी बास्केटबॉलचा जादा सराव होता, त्यामुळे नऊच्या प्रेपला डोळे मिटत. सुटे प्रश्न ती सोडवत होती, पण सलग दोन-तीन तास बसून लिहिण्याचा सराव सप्टेंबरपर्यंत एकदाही झाला नव्हता.

एक मुलगी इतक्या ठिकाणी का? याचं उत्तर हाऊसच्या संख्येत आहे. आंतर-हाऊस स्पर्धेला प्रत्येक हाऊसने तितकीच माणसं उतरवायची असतात: बास्केटबॉल 10, पोहणे 8, अॅथलेटिक्स 12, समूहगान 12, एकांकिका 12, वादविवाद 3, प्रश्नमंजूषा 4. एकूण 61 जागा. मुलग्यांच्या हाऊसमध्ये आठवी ते अकरावीचे 46 मुलगे या जागा भरतात. मुलींच्या हाऊसमध्ये त्याच वर्गांच्या 28 मुली होत्या. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोनहून जास्त जागा, आणि जिला खेळता, गाता, बोलता येतं तिच्या वाट्याला चार-पाच. नवीन मुलगी नाही म्हणत नाही, कारण हाऊसमध्ये आपलं स्थान व्हावं असं तिला वाटत असतं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. मुलग्यांच्या संख्येवर बेतलेलं स्पर्धांचं वेळापत्रक मुली आल्यावर तसंच पुढे चालू राहिलं होतं.

घराच्या ओढीचं खरं रूपही याच कागदावर दिसलं. रडू यायचं ते रविवारी, आणि रविवार हाच तिचा एकमेव रिकामा दिवस होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, लगेच इंदूरला परत. यात मुलीचं मन लगेच हलकं झालं असतं आणि आजोबांची शिकवणी पुन्हा सुरू झाली असती. पण एका सत्राची आगाऊ सूचना न दिल्यास त्या सत्राची फी भरावी लागणार होती, प्रवेश शुल्क परत मिळणार नव्हतं, अनामत तेवढी मिळाली असती. पैशापेक्षा मोठी अडचण अशी की नववीच्या मध्यावर चांगल्या शाळेत जागा मिळणं अवघड, आणि तिथे प्रकरणांचा क्रम वेगळा. बहुपदीची भोकं तशीच राहिली असती.

दुसरा पर्याय, ऑनलाइन शिकवणी. बाबांनी इंदूरच्या एका क्लासशी बोलणंही केलं होतं. शाळेने रविवारी संगणक कक्षात एक तास देण्याची तयारी दाखवली. पण ज्या मुलीकडे दिलेला अभ्यास करायलाच वेळ नाही तिला आणखी एका माणसाने आणखी गृहपाठ देऊन काय साधणार होतं?

तिसरा, सगळे उपक्रम बंद. आईचा कल इकडे होता. मुलीने समुपदेशक बाईंसमोर स्पष्ट सांगितलं, की बास्केटबॉल काढलंत तर मी इथे राहणारच नाही. ही धमकी मानली गेली नाही आणि तेच योग्य झालं. कोर्टवर तिच्या मैत्रिणी होत्या आणि तिथे ती कुणाहून कमी नव्हती.

चौथा, मोजकं ठेवून बाकीचं सोडणं आणि अभ्यासाचे तास परत मिळवणं. हा निवडला गेला. बेसिक गणिताचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला. 2020 च्या परीक्षेपासून दहावीला स्टँडर्ड आणि बेसिक अशा दोन पातळ्या आहेत, पण ती निवड दहावीत करायची असते, आणि बेसिक घेतल्यावर अकरावीला गणित घेण्याची वाट अडचणीची होते. वेळ न मिळाल्यामुळे आलेल्या 37 गुणांवर ती निवड करणं चूक ठरलं असतं.

काय केलं

एक पानी करार झाला. सह्या मुलीच्या, हाऊसमिस्ट्रेसच्या म्हणजे हाऊस सांभाळणाऱ्या शिक्षिकेच्या, आणि आईच्या. फाउंडर्स डे झाल्यावर समूहगान आणि एकांकिका बंद, वार्षिक परीक्षेपर्यंत बास्केटबॉल हा एकच उपक्रम, आणि दोन्ही प्रेप तालमींपासून मोकळे. नोंदणी त्याच शाळेतून होऊ दिली.

हाऊसमिस्ट्रेससाठी हे सोपं नव्हतं. एका मुलीला मोकळं केलं की तिची जागा दुसऱ्या मुलीच्या माथी येते. हाऊस कॅप्टन, बारावीची मुलगी, नाराज झाली आणि तिचं म्हणणं गैर नव्हतं. म्हणून हाऊसमिस्ट्रेसनी वरचा 61 आणि 28 चा हिशेब कागदावर मांडून उपक्रम समितीपुढे दोन मागण्या ठेवल्या. पहिली, समूहगान आणि एकांकिकेत मुलींच्या दोन्ही हाऊसचा मिळून एक संघ. दुसरी, पहिल्या प्रेपच्या वेळेत कुणाचीच तालीम नको. दुसरी मान्य झाली, पण फक्त परीक्षेआधीच्या चार आठवड्यांसाठी. पहिली त्या वर्षी नामंजूर झाली, कारण एकत्र संघ केला तर हाऊसचे गुण कसे वाटायचे यावर एकमत झालं नाही.

अभ्यासात तीन गोष्टी बदलल्या. दुसऱ्या प्रेपची पहिली चाळीस मिनिटं रोज गणित, डोळे मिटायच्या आत. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासानंतर 25 मिनिटं गणिताच्या शिक्षकांकडे शंका. रविवारी सकाळी एक तास घड्याळ लावून लेखी सराव: तीन तासांत 80 गुण म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं, म्हणून तासाभरात 27 गुणांची उत्तरं. मोठे प्रश्न आधी सोडवायचे, एक गुणाचे शेवटी.

शंकांचा तास पहिले दोन आठवडे वायाच गेला. मुलगी जायची आणि म्हणायची, काहीच कळत नाही. यावर कुठलाही शिक्षक पूर्ण प्रकरण पुन्हा सांगू लागतो आणि 25 मिनिटं संपतात. मग नियम केला, की वहीत उदाहरण जिथे अडलं त्या ओळीखाली लाल रेघ मारायची आणि अशा तीन रेघा घेऊनच यायचं. रेघ मारताना निम्म्या वेळा तिचं तिलाच सुटायला लागलं. उरलेल्या रेघांतून शिक्षकांना दिसलं की तिचं अडतं ते जवळजवळ नेहमी ऋण चिन्ह कंसाबाहेर काढताना.

दिवाळीची सुट्टी बारा दिवसांची होती. घरच्यांना वाटत होतं की सगळी सुट्टी अभ्यासाला लावावी. ठरलं असं की पहिले तीन दिवस पुस्तक उघडायचं नाही. मुलगी त्यातला बराचसा वेळ झोपली आणि उरलेला आजीसोबत चकल्या पाडण्यात घालवला. त्यानंतर पाच सकाळी आजोबांसोबत दीड-दीड तास, फक्त बहुपदी. आजोबांना एकच अट होती: तोंडी उत्तर घ्यायचं नाही, प्रत्येक ओळ कागदावर हवी. त्यांना ती सुरुवातीला जाचक वाटली. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः 20 गुणांची प्रश्नपत्रिका काढली आणि परीक्षकासारखी पायरीनिशी तपासली.

रविवारच्या फोनवर गुणांचा विषय काढायचा नाही हेही ठरलं. अभ्यासाचं आई आणि हाऊसमिस्ट्रेस पंधरा दिवसांतून एकदा ईमेलवर बोलत. फोनवरची दहा मिनिटं घरातल्या गोष्टींची राहिली.

निष्पत्ती

जानेवारीच्या चाचणीत गणितात 40 पैकी 24 आले. वार्षिक परीक्षेत 80 पैकी 58, आणि न सोडवलेला एकच प्रश्न, दोन गुणांचा. विज्ञानात 61. घरी घेऊन जा हे बोलणं नोव्हेंबरमध्ये दोनदा आलं, डिसेंबरनंतर नाही.

याची किंमतही मोजावी लागली. समूहगानातल्या मुलींशी तिचं बोलणं कमी झालं आणि आंतर-हाऊस ढाल त्या वर्षी दुसऱ्या हाऊसकडे गेल्यावर तिला दोन-चार टोमणे ऐकावे लागले. तिच्या जागी एकांकिकेत घेतलेल्या आठवीच्या मुलीचे गुण वार्षिकला घसरले. ही बाब या प्रकरणाच्या हिशेबात धरायलाच हवी. एकीचा करार झाला, दुसरीचा झाला नाही, कारण तिचे पालक उत्तरपत्रिका मागायला आले नव्हते.

काय वेगळं करता आलं असतं

प्रवेशाआधी पालक जेवण, सुरक्षितता, निकाल हे सगळं विचारतात. त्यासोबत आपल्या मुलीच्या हाऊसमध्ये किती मुली आणि वर्षाला किती आंतर-हाऊस स्पर्धा, हे दोन आकडे विचारावेत. भागाकार घरी करता येतो. ज्या शाळांत मुली उशिरा आल्या तिथे तर विचारावेतच.

जुलैतल्या 9 गुणांपाशी थांबायला हवं होतं. नवीन मुलीच्या बाबतीत रुळेल हे उत्तर बऱ्याचदा खरं ठरतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. ती 20 गुणांची उत्तरपत्रिका तेव्हाच पाहिली असती तर गाळलेल्या पायऱ्या दोन महिने आधी दिसल्या असत्या.

इन्फर्मरीतून किंवा स्पर्धेहून परतणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती बुडलेल्या तासांची चिठ्ठी द्यायला हवी: विषय, प्रकरण, पान क्रमांक, कुणाची वही घ्यायची. हे काम मेट्रन आणि वर्गशिक्षक मिळून पाच मिनिटांत करू शकतात. शाळेने हे जानेवारीपासून सुरू केलं. चिठ्ठीवर विषयशिक्षकाची सही ठेवल्यामुळे ती भरली जाते. नुसती मुलांवर सोपवली असती तर आठवडाभरात बंद पडली असती.

गणपतीच्या आठवड्यात मुलीला घरी सोडायला हवं होतं का, यावर मत विभागलेलं राहिलं. शाळेचं म्हणणं की एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. ते समजण्यासारखं आहे. पण सुट्टी न देताही त्या दिवशी फोनची जादा दहा मिनिटं देता आली असती, आणि त्याने कुठलाच नियम मोडला नसता.

मुलगी आता दहावीत आहे आणि स्टँडर्ड गणित घेतलं आहे. बास्केटबॉल ऑक्टोबरपर्यंत ठेवायचं, नंतर फक्त संध्याकाळचा खेळ, असं या वेळी तिने स्वतः लिहून हाऊसमिस्ट्रेसना दिलं. मुलींच्या एकत्र संघाची मागणी उपक्रम समितीपुढे पुन्हा ठेवली आहे. या खेपेला हाऊसच्या गुणांची वाटणी कशी करायची तेही सोबत लिहून दिलं आहे: एकत्र संघाला मिळालेले गुण दोन्ही हाऊसना पूर्ण द्यायचे, अर्धे नाहीत.